मुदत संपण्याआधी वही उघडा

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर आणि अशोक विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, त्यांचे कौतुक आता प्रस्थापित वर्तमानपत्रांनाही करावे लागते. एवढी गर्दी, एवढी उधळमाप होणारी ग्रंथविक्री दुसऱ्या कुठल्या मेळाव्यात आहे? पण ह्या मोठ्या स्टॉलांच्या कडेला, रस्त्यालगत, जमिनीवर प्लास्टिकचा कागद अंथरून काही माणसे बसलेली असतात. त्यांच्यासमोर बत्तीस किंवा अठ्ठेचाळीस पानांच्या, पिना मारलेल्या पुस्तिका असतात. मुखपृष्ठावर बाबासाहेबांचा अस्पष्ट छापलेला फोटो, आत ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ, प्रकाशक म्हणून लेखकाच्या पत्नीचे नाव. विकणारा बहुधा स्वतःच लेखक. कोणी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी, कोणी गायन पार्टी चालवणारा. एकात भीमगीते असतात, एकात स्वतःच्या गावच्या धम्मदीक्षेची हकिगत, एकात पाणवठ्यासाठी झालेल्या भांडणाची कथा.

आपल्यातलेच शिकलेले लोक ह्या पुस्तिका उचलतात, दोन पाने उलटतात आणि खाली ठेवतात. "कशाला छापतात हे लोक? धड मराठी तरी यायला हवी की नको?" हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. बोलणारे प्राध्यापक असतात, साहेब असतात, कधी कधी चळवळीचे नेतेही असतात. मनुवाद्याने हे म्हटले असते तर त्याला उत्तर देणे सोपे होते. आपलाच माणूस म्हणतो तेव्हा त्याचा परिणाम वेगळा होतो. शेजारी उभी असलेली वीस वर्षांची मुलगी ते ऐकते आणि आपली वही पिशवीत आणखी खाली ढकलते. तिची ती वही हा आजच्या लेखाचा विषय आहे.

मित्रहो, आपल्या चळवळीच्या लिखाणाचा इतिहास पाहा. त्यातले काय पूर्ण साधनांनिशी, निवांत बसून, निर्दोष तयार झाले होते?

'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झाला. राजर्षी शाहू महाराजांनी दिलेले अडीच हजार रुपये एवढेच भांडवल. 'केसरी'ने ह्या पाक्षिकाची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास नकार दिला, हे सर्वश्रुत आहे. सहा महिन्यांतच बाबासाहेब उरलेल्या शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ पर्यंत 'मूकनायक' बंद पडला. बाबासाहेब खचले असते तर कोणी त्यांना दोष दिला असता काय? महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर, ३ एप्रिल १९२७ रोजी त्यांनी 'बहिष्कृत भारत' काढला. संपादक तेच, लेखकही बहुतांशी तेच. चोवीस-चोवीस रकाने एकट्याने भरून काढावे लागत. दिवसा वकिली आणि लोकांची गाऱ्हाणी, रात्री रकाने. तेही १९२९ च्या नोव्हेंबरात थांबले. मध्ये १९२८ साली 'समता' निघाले, तेही फार चालले नाही. मग २४ नोव्हेंबर १९३० रोजी 'जनता' आले. ते टिकले, आणि १९५६ च्या फेब्रुवारीत त्याचेच 'प्रबुद्ध भारत' झाले. पहिली तीन पत्रे बंद पडली म्हणून चौथे निघाले नाही, असे झाले नाही. उलट त्या तीन पत्रांनी जो वाचक घडवला, त्याच वाचकाने चौथे उचलून धरले.

आणखी एक गोष्ट इथे नजरेआड होता कामा नये. कोलंबिया आणि लंडनचे प्रबंध बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिले, कारण ते ज्यांनी वाचायचे होते त्यांची भाषा ती होती. पण 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' त्यांनी मराठीत लिहिले. शिरोभागी तुकोबा आणि ज्ञानोबांची वचने घेतली. ज्याच्यासाठी लिहायचे त्याच्या कानाला ओळखीचे वाटेल असे साधन त्यांनी मुद्दाम निवडले. साधन मोठे की लहान, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. कामाचे आहे की नाही, एवढेच पाहिले.

१९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषण आधी वाचायला मागवले, वाचून घाबरले आणि परिषदच रद्द केली. व्यासपीठ गेले. मग बाबासाहेबांनी काय केले? न झालेले ते भाषण स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रती काढल्या, आणि त्या दोन महिन्यांत संपल्या. आज 'जातिनिर्मूलन' हा ग्रंथ जगभर अभ्यासला जातो, तो मुळात एका रद्द झालेल्या सभेचे छापील भाषण आहे. पदपथावर पुस्तिका घेऊन बसलेल्या कंडक्टरकाकांकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता अपुऱ्या कामाबद्दल. आपण बाबासाहेबांचे खंड कपाटात मांडून ठेवतो. ते इतके जाड, इतके भक्कम दिसतात की, जणू त्यांनी सगळे लिहून, तपासून, बांधून आपल्या हाती दिले, असे वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. महापरिनिर्वाणानंतर त्यांची कागदपत्रे पेट्यांमध्ये बंद होऊन न्यायालयाच्या ताब्यात राहिली. वर्षानुवर्षे तिथेच पडून होती. पुढे महाराष्ट्र शासनाने समिती नेमली, आणि नागपूरच्या वस्तीतून आलेले, महसूल खात्यात अधिकारी असलेले वसंत मून ह्यांनी ते कागद एकेक करून लावले. पहिला खंड १९७९ साली आला. १९८७ साली तिसरा आणि चौथा खंड आला. 'क्रांती आणि प्रतिक्रांती', 'बुद्ध की कार्ल मार्क्स', 'रिडल्स' हे लेखन तेव्हा प्रथमच लोकांपुढे आले. त्यातले कितीतरी अर्धवट आहे. प्रकरणांची शीर्षके आहेत, मजकूर नाही. एकाच प्रकरणाचे दोन-तीन खर्डे आहेत, आणि अंतिम कोणता ते सांगायला बाबासाहेब नाहीत. जुळवणी संपादकांनी केली आहे.

असल्या अपुऱ्या ग्रंथाची ताकद किती असावी? 'रिडल्स'मधल्या राम-कृष्णावरील परिशिष्टावरून विरोधकांनी रान उठवले, तेव्हा १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईत निघालेल्या मोर्चाने दक्षिण मुंबईचे रस्ते भरून गेले. ज्यांना इंग्रजीचे अक्षर येत नव्हते अशा आयाबहिणी त्या ग्रंथासाठी चालत गेल्या. ग्रंथ पूर्ण झाला आहे का, असे एकीनेही विचारले नाही. आपल्या बापाचा कागद आहे आणि त्यातली एक ओळ कोणी खोडता कामा नये, एवढे त्यांना कळत होते.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथाचेही तसेच. १९५१ साली बाबासाहेबांनी त्याच्या मोजक्या प्रती खाजगी वितरणासाठी छापल्या होत्या. म्हणजे काम चालू असतानाच चार लोकांच्या नजरेखाली घातले, मग पुढे सुधारत राहिले. प्रकृती ढासळत होती, डोळे साथ देत नव्हते, तरी लिहिणे आणि टंकलिखित करून घेणे थांबले नाही. शेवटच्या रात्रीदेखील त्यांनी प्रस्तावनेचे कागद जवळ मागवून घेतले, असे त्यांचे सहायक नानकचंद रत्तू ह्यांनी नोंदवले आहे. ग्रंथ १९५७ साली निघाला. छापील पुस्तक पाहायला ते नव्हते.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, बाबासाहेबांची गोष्ट वेगळी, ते युगपुरुष. आम्ही सामान्य माणसे. ठीक आहे. मग सामान्य माणसांचेच घेऊ.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक तरुणपणी मुंबईत कष्टाची कामे करत होते. कोणीतरी त्यांच्याकडे पत्र वाचून घ्यायला आले, आणि ह्यांना वाचता येईना. ती बोच घेऊन ते मोठ्या वयात अक्षरे शिकले. १९४३ साली त्यांनी पहिले गाणे केले. ते कसे होते? एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर बेतलेले विडंबन. उसनी चाल, नवशिके शब्द. कोण्या संगीततज्ज्ञाने तेव्हा त्यांना थांबवले असते तर? वामनदादा थांबले नाहीत. पुढची साठ वर्षे, २००४ साली जाईपर्यंत, ते लिहीत आणि गात राहिले. आज महाराष्ट्रातली अशी एकही भीमजयंती नसेल जिथे त्यांचे शब्द वाजत नाहीत. त्यांच्याआधी भीमराव कर्डक आणि सहकाऱ्यांच्या आंबेडकरी जलशानेही हेच केले होते. तमाशाचा साचा लोकांच्या परिचयाचा होता, तो घेतला. त्यातली गवळण आणि थिल्लरपणा टाकला, आणि त्या जागी महाड, काळाराम आणि मेलेली ढोरे ओढण्याचा प्रश्न आणला. ढोलकी तीच राहिली. बाबासाहेबांनी ह्या जलशांची किती कदर केली, हे जुन्या कार्यकर्त्यांना सांगायला नको.

पण मला आज ज्यांच्याबद्दल मुख्यतः लिहायचे आहे त्या बेबीताई कांबळे.

बेबीताईंचा जन्म १९२९ चा, पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचा. शाळा चौथीपर्यंत. तेराव्या वर्षाच्या आसपास लग्न. फलटणमध्ये नवरा-बायकोने छोटा धंदा सुरू केला. आधी द्राक्षे विकली, मग भाजी, मग किराणा. दुकानात माल बांधून द्यायला रद्दीची वर्तमानपत्रे येत. बेबीताई पुडी बांधण्याआधी तो कागद वाचत. हीच त्यांची माध्यमिक शाळा, आणि हेच महाविद्यालय. पुढे नवरा माल आणायला गेला की गल्ल्यावर बसून त्या लिहू लागल्या. गिऱ्हाईक आले की वही बाजूला, गिऱ्हाईक गेले की वही पुढे. कोणाची चाहूल लागली की ती वही घरातल्या धुळीच्या कोनाड्यात, रद्दीच्या कागदांखाली, जिथे कोणाचा हात सहसा जाणार नाही अशा जागी जाई. हे एक-दोन वर्षे चालले नाही. जवळपास वीस वर्षे चालले.

वही कोणापासून लपवली होती? इथे आपल्याला थोडे थांबावे लागेल. ती सवर्णांपासून लपवलेली नव्हती, सरकारपासूनही नव्हती. ती नवऱ्यापासून आणि मुलापासून लपवलेली होती. त्यांच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या माया पंडित ह्यांना दिलेल्या मुलाखतीत बेबीताईंनी हे स्वतः सांगितले आहे. नवऱ्याच्या संशयाबद्दल आणि मारहाणीबद्दलही त्या तिथे स्पष्ट बोलल्या आहेत. बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर असलेल्या घरात बाई वही लपवते, ही गोष्ट चळवळीच्या पुरुषांनी वाचावी आणि आपल्या घरातल्या कोनाड्यांचा विचार करावा. मी स्वतः पुरुष आहे. कौटुंबिक न्यायालयात बसून जे ऐकतो, त्यावरून सांगतो की, ते कोनाडे अजून रिकामे झालेले नाहीत.

पुढे फलटणमध्ये राहून काम करणाऱ्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सिन बर्नसन ह्यांच्यामुळे ते लिखाण उजेडात आले. 'स्त्री' मासिकात १९८२ साली ते क्रमशः आले, आणि १९८६ साली 'जिणं आमुचं' हे पुस्तक झाले. २००८ साली त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. आज देशा-परदेशातल्या विद्यापीठांत ते शिकवले जाते.

ते पुस्तक 'शुद्ध' आहे काय? मुळीच नाही. महारवाड्यातल्या बायकांची बोली त्यात जशीच्या तशी येते. एक आठवण सांगता सांगता दुसरी घुसते, काळाचा क्रम मागेपुढे होतो, मध्येच लेखिका वाचकाशी भांडते, मध्येच बाबासाहेबांना हाक मारते. व्याकरणाच्या मास्तराने लाल पेन घेतले असते तर पाने रक्तबंबाळ झाली असती. पण पहिलटकरणीची उपासमार, पोतराज, अंगात येणे, सासूचा छळ, भाकरीसाठी फिरणे आणि ह्या सगळ्यातून बाबासाहेबांचा शब्द कानी पडल्यावर उभी राहिलेली बाई हे सारे एवढ्या जवळून दुसऱ्या कोणी लिहिले आहे? विद्वानांना ते लिहिता आले नसते, कारण विद्वान त्या खोपटात नव्हते. 'गोलपिठा' १९७२ साली आला तेव्हा त्यातल्या शब्दांचे अर्थ विजय तेंडुलकरांसारख्या लेखकाला नामदेव ढसाळांकडून समजून घ्यावे लागले होते. प्रमाण मराठीच्या मालकांना आपल्याकडे अर्थ विचारायला यावे लागले, असा तो काळ. आणि आज आपलीच मुले म्हणतात, माझी भाषा बरोबर नाही!

भाषेचा हा मुद्दा माझ्या व्यवसायात केवळ साहित्याचा राहत नाही, म्हणून थोडे कायद्याचे बोलतो.

अॅट्रॉसिटीच्या खटल्यांत मी एक प्रकार अनेकदा पाहिला आहे. बाई ठाण्यात जाते. तिला कोण काय म्हणाले ते तिच्या तोंडात अगदी ताजे असते. ती ते बोलते. लिहून घेणारा हवालदार मात्र ते 'नीट' करतो. तिने सांगितलेले चार जहरी शब्द कागदावर उतरतच नाहीत. त्याऐवजी "जातिवाचक शिवीगाळ केली" असे एक सरकारी वाक्य येते. दोन-तीन वर्षांनी खटला उभा राहतो. ती बाई न्यायालयात नेमके शब्द सांगते, आणि आरोपीचा वकील उलटतपासात विचारतो, हे शब्द फिर्यादीत का नाहीत? आता आठवले का? कोणी शिकवले? खटल्याचा कणाच तिथे मोडतो. म्हणून मी माझ्या पक्षकारांना सांगत असतो की, फिर्याद वाचून दाखवा म्हणा, तुमचे शब्द त्यात नसतील तर सही करण्याआधी घालायला लावा, आणि तिची प्रत मोफत मिळते ती घेऊनच बाहेर पडा. ओबडधोबड शब्द लाज वाटण्यासारखे असतीलही, पण पुरावा म्हणून तेच उभे राहतात. गुळगुळीत वाक्य कोणाचेच नसते.

दुसरी गोष्ट मुदतीची. आपल्याकडे १९६३ चा मुदतीचा कायदा आहे. त्याचे कलम ३ फार कठोर आहे. मुदत उलटून दाखल झालेला दावा न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे, समोरच्याने तसा बचाव घेतला नसला तरीही. दावा किती खरा होता, कागद किती सुंदर होते, ह्याला तिथे किंमत नाही. उलट, मुदतीत आलेल्या दाव्यात चुका असतील तर? त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ६ नियम १७ आहे. अर्ज करा, दुरुस्ती मागा. सुनावणी सुरू होण्याआधी न्यायालये ही दुरुस्ती बहुधा देतात. २००२ च्या सुधारणेनंतर सुनावणी सुरू झाल्यावर मात्र ती मिळणे कठीण झाले आहे. तेव्हा नवोदित वकिलाला आम्ही पहिला धडा हाच देतो की, बाबा रे, अर्धामुर्धा का होईना, दावा मुदतीत दाखल कर. दुरुस्ती नंतर करता येते. गेलेली मुदत कोणी परत आणून देत नाही.

आपल्या समाजाच्या आठवणींची मुदत आज संपत आली आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आईबापाचे बोट धरून दीक्षाभूमीवर गेलेले दहा वर्षांचे पोर आज ऐंशीच्या घरात आहे. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवण्यात आल्या. तेव्हा पंचविशीत असलेली माणसे आता सत्तरी ओलांडून गेली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. ती सोळा वर्षे ज्यांनी मोर्चे काढले, तुरुंग भोगला, भाकऱ्या बांधून दिल्या, त्यांच्यापैकी किती जणांचे सांगणे कागदावर आहे? पुढाऱ्यांचे आहे. भाकऱ्या बांधणाऱ्या बायकांचे फारसे नाही.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्या दोघींनी हे वेळीच ओळखले होते. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधत त्या गावोगाव फिरल्या, त्यांच्या मुलाखती घेतल्या, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केले. कोणी त्यांना इतिहासाचे खाते दिले नव्हते. संसार आणि नोकऱ्या सांभाळून त्यांनी ते केले. आज त्यात बोललेल्या बहुतेक स्त्रिया हयात नाहीत. ते पुस्तक चार वर्षे उशिरा झाले असते तर त्यातली कितीतरी पाने कोरी राहिली असती. गंगाधर पानतावणे सरांनी 'अस्मितादर्श' दशकानुदशके चालवले. त्यात छापलेली प्रत्येक कविता काही थोर नव्हती. पण त्या पानांवर आपली पहिली कच्ची कविता छापून आल्यामुळे पुढे थोर लिहिणारे कितीतरी निघाले.

आता एक इशारा देणे भाग आहे, नाहीतर माझ्या म्हणण्याचा कोणी सोयीचा अर्थ काढील. अपुरे चालेल म्हणजे खोटे चालेल, असे नव्हे. आज मोबाईलवर बाबासाहेबांच्या नावाने रोज नवनवी वाक्ये फिरतात. ती त्यांनी कुठे, केव्हा म्हटली, ह्याचा पत्ता नसतो. पाठवणारा मात्र खाली 'जयभीम' लिहून मोकळा होतो. ज्या माणसाने आयुष्यभर तळटीपांसह लिहिले, त्याच्या तोंडी बनावट वाक्य घालणे हा अपुरेपणा नाही, तो अपराध आहे. काही लाख लोकांनी पाहिलेल्या आपल्या काही डीजे-गाण्यांतही तेच. वामनदादांची चाल उसनी होती, पण विचार उसना नव्हता. इथे चाल नवी आहे, आणि आत फक्त दंड थोपटणे. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर ते दुसरा कोणी दुरुस्त करू शकतो. घटना, तारीख आणि माणूस चुकला तर पुढची पिढी त्या चुकीवर घर बांधते.

तेव्हा त्या वीस वर्षांच्या मुलीला आणि तिच्यासारख्या सगळ्यांना माझे सांगणे असे. तुझे साधन तूच ठरव. कोणाला गाणे येते, कोणाला येत नाही. कोणाला लिहिताना हात अडतो, पण बोलायला बसला की उठवत नाही. कोणाला चित्र काढता येते, कोणाला फक्त नावे आणि तारखा पाठ असतात. तीही मोठी गोष्ट आहे, खटल्यात अशा साक्षीदाराला सोन्याचे मोल असते. बेबीताईंना गल्ला मिळाला होता, आणि रद्दीचा कागद. तुझ्या हातात तर मोबाईल आहे, आणि आवाज टिपण्यासाठी वेगळा पैसा पडत नाही. पहिली दहा पाने वाईट होतील. होऊ देत. मात्र ती फाडू नकोस. तारीख घालून ठेव, अकरावे लिही.

आणि विहारांच्या कार्यकारिणींनाही एक सूचना आहे. वर्षावासात आपण 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन ठेवतो, ते चालूच राहावे. त्याच्या जोडीला महिन्यातला एक रविवार आपल्या वस्तीतल्या लिखाणासाठी ठेवावा. ज्याने जे लिहिले असेल ते त्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. शुद्धलेखन तपासण्याचा मोह आलेल्या सद्गृहस्थांनी तेवढा वेळ चहाची व्यवस्था पाहावी. ज्यांना लिहिता येत नाही अशा आजी-आजोबांकडे दोन मुलींनी जावे, आणि साधे प्रश्न विचारावेत. दीक्षा घेतल्यावर घरातले देव कुठे नेऊन टाकले? पहिल्यांदा त्रिसरण-पंचशील कोणी शिकवले? गावच्या कोणत्या विहिरीवर केव्हापासून पाणी भरू लागलात, आणि पहिल्या दिवशी कोण कोण बरोबर होते? मोर्चाला जाताना पोरे कोणाकडे ठेवली होती? त्यांनी सांगितलेला शब्द बदलू नये, 'नीट' तर मुळीच करू नये. शेवटी सांगणाऱ्याचे नाव, गाव, वय आणि तारीख लिहावी, त्यांना वाचून दाखवावे, आणि सही किंवा अंगठा घ्यावा. दोन प्रती कराव्यात. एक त्यांच्या घरी द्यावी, एक विहाराच्या कपाटात ठेवावी. आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, तेही वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवावे.